मदत हवी आहे: सिस्टिसर्कोसिसच्या एलायझाचा कट-ऑफ कुठे धरायचा?

मंडळी, मी इंदूरला एका छोट्या लॅबमध्ये आहे. मेंदूतल्या सिस्टिसर्कोसिससाठी (डुकराच्या फीतकृमीच्या अळ्यांचा संसर्ग) अँटिबॉडी एलायझा, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी रंगावरून मोजणारी चाचणी, लावतो. किटचा कट-ऑफ (ज्याच्या वरचा निकाल पॉझिटिव्ह धरायचा ती रेघ) परदेशातल्या निरोगी रक्तदात्यांवर बेतलेला: सरासरी अधिक 3 प्रमाण विचलन. इथेच घोडं अडलंय.

परवा झाबुआकडच्या, काहीही तक्रार नसलेल्या लोकांचे नमुने निगेटिव्ह कंट्रोल म्हणून लावले. शेवटी आम्ल घातलं की निळा रंग पिवळा होतो ना, तो शहरातल्या नमुन्यांत जेमतेम दिसतो. झाबुआकडच्यांचे काही वेल (प्लेटमधले खळगे) मात्र चक्क हळदीच्या पाण्यासारखे! आधी वाटलं, धुण्यातच चूक झाली. पुन्हा लावलं, तेच. जुना संसर्ग असेल, किंवा हायडॅटिडसारख्या दुसऱ्या कृमीची क्रॉस-रिअ‍ॅक्शन, म्हणजे त्या कृमीच्या अँटिबॉडी इथेही चिकटणं.

कट-ऑफ वर नेला तर मेंदूत एकच गाठ असलेले रुग्ण सुटतात. त्यांच्यात अँटिबॉडी मुळातच कमी असते. खाली ठेवला तर खोटे पॉझिटिव्ह. संवेदनशीलता (रुग्णांना पॉझिटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) 90 टक्के, विशिष्टता (निरोगींना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) 95 टक्के धरली तरी शंभरात एकच रुग्ण असलेल्या वस्तीत पॉझिटिव्हपैकी जेमतेम 15 टक्के खरे निघतात. सर म्हणतात, 'आरओसी काढ, विषय संपला.' (आरओसी म्हणजे प्रत्येक कट-ऑफला या दोन्हींचा तोल दाखवणारा आलेख.) पण सीटी स्कॅनने पक्के झालेले रुग्ण एकीकडे आणि धडधाकट रक्तदाते दुसरीकडे, अशी दोन टोकंच घेतली, तर आलेख देखणा येणारच की!

स्थानिक निगेटिव्ह किमान किती घ्यावेत? सगळ्यांचा स्कॅन शक्य नसताना मिक्स्चर मॉडेल (फक्त चाचणीच्या आकड्यांवरून संसर्ग असलेले-नसलेले गट वेगळे काढणारं गणित) कुणी वापरलंय का? आणि मधल्या पट्ट्यातले निकाल 'संदिग्ध' म्हणून दिले, तर डॉक्टर मंडळी चालवून घेतात का?