मदत हवी आहे : हप्त्यांपेक्षा दावे आणि खर्च जास्त असूनही विमा कंपनी नफ्यात कशी राहते?

सर्वांना नमस्कार.

सांगलीत कृष्णेपासून फारसे लांब नसलेले हळदीचे एक गोदाम आम्ही दोघे भाऊ सांभाळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, म्हणजे ४५ फुटांच्या धोका पातळीपेक्षा बारा फूट अधिक, आणि खालच्या थप्प्यांतली सगळी पोती भिजली. दावा मंजूर झाला. मात्र विमा मालाच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी रकमेचा उतरवलेला असल्यामुळे भरपाईही त्याच प्रमाणात कापली गेली. तेव्हापासून हा व्यवहार मुळातून समजून घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ‘कंबाइंड रेशो’ असतो. मला समजले ते असे, की १०० रुपये हप्त्यामागे ८२ रुपये दाव्यांत आणि ३० रुपये कमिशन व कार्यालयीन खर्चात गेले, तर हे प्रमाण ११२ होते, म्हणजे अंडररायटिंगमध्ये (हप्ता घेऊन जोखीम पत्करण्याच्या मूळ व्यवसायात) १२ रुपयांचा तोटा. आपल्याकडच्या अनेक सर्वसाधारण विमा कंपन्यांचे प्रमाण १०० च्या वर असते आणि ही तूट गुंतवणुकीच्या उत्पन्नातून भरून निघते. असे असेल तर जोखीम पारखून दर लावण्याला महत्त्व ते काय उरले? शिवाय आग एखाद्या गोदामाला लागते, पूर मात्र अख्ख्या पेठेत शिरतो. तो धोका कंपनी कसा पेलते? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

प्रतिसाद :

आपले गणित बरोबर आहे, फक्त त्यात काळ धरायचा राहिला आहे. खर्च वजा जाता हाती ७० रुपये उरतात, आणि ७ टक्के परतावा धरला तर त्यांचे ८२ व्हायला जवळपास अडीच वर्षे लागतात. मोटार विम्यातील तृतीय पक्षाचे, म्हणजे अपघातात नुकसान झालेल्या इतरांचे, दावे न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे तिथे पैसा तेवढा काळ कंपनीकडे राहू शकतो. गोदामातल्या मालाचा दावा बहुधा त्याच्या कितीतरी आधी निकाली निघतो. म्हणून तिथे गुंतवणुकीवर विसंबता येत नाही आणि दर नेमका लावावाच लागतो. पुरासाठी कंपनी एकाच भागात किती रकमेची जोखीम घ्यायची यावर मर्यादा ठेवते आणि तिचा काही भाग पुनर्विमा कंपनीकडे, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपनीकडे, सोपवते. त्या पुनर्विम्याचा खर्च आपल्या हप्त्यात येतोच.

मूळ धागाकर्ता :

आभारी आहे, काळाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आम्ही यंदा जोते तीन फुटांनी उंच करून घेतले आहे. नूतनीकरणाच्या वेळी दर ठरवताना ते विचारात घ्यावे यासाठी अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडावीत, हेही कोणी सांगू शकेल का?