गरीब वस्ती वगळून केबल टाकली तर? (कॅलिफोर्निया)

प्रश्न: केबल टीव्हीची नवी लाइन बंगल्यांच्या भागात आली, पण रुळापलीकडच्या भाड्याच्या इमारतींचा पत्ता टाकला की ‘सेवा उपलब्ध नाही’ असंच येतं. हे कायद्यात बसतं का? दाद कुठे मागायची?

उत्तर १: १९८४ च्या संघीय केबल कायद्याचं कलम ६२१ पाहा. परिसरातल्या लोकांचं उत्पन्न कमी म्हणून तिथल्या घरांना सेवा नाकारता येत नाही. मेख ‘उत्पन्नामुळे’ या शब्दात आहे. ‘घरं विरळ आहेत, खर्च परवडत नाही’ असं कंपनी म्हणते आणि तक्रार तिथेच अडते. म्हणून तितकीच दाट वस्ती असलेला, पण सेवा मिळालेला श्रीमंत भाग शोधून तुलना मांडा.

उत्तर २: कॅलिफोर्नियात २००६ च्या राज्य कायद्यानुसार केबलचा परवाना राज्याचा युटिलिटीज आयोग (वीज, पाणी, दूरसंचार अशा सेवांवर देखरेख करणारी संस्था) देतो, त्यामुळे नगरपालिकेकडे परवाना रद्द करा म्हणून जाऊ नका. दहा लाखांहून जास्त टेलिफोन ग्राहक असलेल्या कंपनीला तर आकडेच बांधून दिलेत: सेवा सुरू झाल्यापासून ३ वर्षांत, सेवा पोहोचलेल्या घरांपैकी २५ टक्के अल्प उत्पन्नाची हवीत, ५ वर्षांत ३० टक्के.

उत्तर ३: पण हा हिशेब कंपनीच्या पूर्ण क्षेत्राचा असतो, एका गल्लीचा नव्हे. टक्केवारी भरली तरी तुमची गल्ली कोरडी राहू शकते, आणि कायद्यातली ही पळवाट मला फार खटकते. तरी नगरपालिकेला आयोगाकडे तक्रार नेता येते. पत्ते, ‘उपलब्ध नाही’चे तारखेसह स्क्रीनशॉट आणि जनगणनेचा ट्रॅक्ट (जनगणनेसाठी आखलेला छोटा भाग) क्रमांक नगरसेवकाला लेखी द्या. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत माहिती ट्रॅक्टनुसार असते.