एक रुपयाच्या नोटेचे खरे मोल
मनमोहन सिंग यांच्या सहीची एक रुपयाची नोट लाखोंना विकली जाते, असे म्हटले जाते, ते मला मान्य नाही. या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची नव्हे, तर वित्त सचिवांची सही असते. सिंग १९७६ ते १९८० या काळात त्या पदावर होते आणि तेव्हाच्या नोटा आजही बाजारात सहज मिळतात, त्यामुळे मधोमध घडी पडलेल्या, कडा मऊ झालेल्या नोटेला फारसा भाव येत नाही. पहिल्या महायुद्धातील चांदीच्या टंचाईमुळे १९१७ साली निघालेली पंचम जॉर्जची नोट मात्र खरोखर मोलाची आहे. आपल्याकडील नोट कोरी असेल, तर कृपया तिला इस्त्री किंवा लॅमिनेशन करू नका. बँकेच्या पिनांची भोके जुन्या गड्ड्यांना असायचीच. जाणकार त्यांचा फार बाऊ करत नाहीत.