मदत हवी आहे : मूल सांभाळण्याचं काम, ठाण्याला राहून की कुडाळला जाऊन-येऊन?

नमस्कार मंडळी,

मी मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहते. वय ३९, शिक्षण बारावी. गेली साडेतीन वर्षं मालवणात बँकेत नोकरी करणाऱ्या एका जोडप्याचा मुलगा सांभाळत होते. एप्रिलमध्ये दोघांची बदली विदर्भात झाली आणि माझं काम संपलं. आता दोन ठिकाणांहून विचारणा आली आहे.

एक ठाण्याचं घर. सात महिन्यांची मुलगी, आईवडील दोघंही नोकरीला. चोवीस तास तिथेच राहायचं, महिना १८,००० आणि जेवणखाण. दुसरं कुडाळला. दोन वर्षांचा मुलगा, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, ९,००० रुपये. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सकाळची एक गाडी चुकली की पुढची मिळून पोचेपर्यंत दहा वाजतात.

घरी सासूबाई आणि अकरावीतला मुलगा. मिस्टर ट्रॉलरवर खलाशी आहेत. जूनला मासेमारी बंद झाली की घर माझ्याच पगारावर चालतं, त्यामुळे ठाण्याचा आकडा डोळ्यांसमोरून हलत नाही.

अनुभवाचं सांगते. बँकेतल्या ताईंची सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा बाळ जेमतेम पाच महिन्यांचं होतं. त्या दूध काढून, बाटलीवर तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवून जायच्या. मी ती बाटली कोमट पाण्याच्या वाटग्यात उभी करायची, गॅसवर कधीच नाही, आणि पाजायच्या आधी मनगटावर थेंब टाकून बघायची. सहा महिने झाल्यावर नाचणीचं सत्त्व सुरू केलं. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून दळायची आणि पीठ सुती कापडातून गाळून घ्यायचं. कोंडा राहिला तर पोराचं पोट दुखतं, म्हणून मी दोनदा गाळायची.

तो दहा महिन्यांचा असताना पाहुण्यांपैकी कोणीतरी त्याच्या हातात ओल्या खोबऱ्याचा तुकडा दिला. तो घशात अडकला. रडण्याचा आवाजच बंद झाला, ओठ निळे पडायला लागले. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी दाखवलं होतं तसं त्याला हातावर पालथा घेतला, डोकं खाली, आणि तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे थापट्या दिल्या. चौथ्या थापटीला तुकडा बाहेर आला. नंतर कितीतरी वेळ मी त्याला खाली ठेवू शकले नाही. हे सगळं मला येतं, पण दाखवायला कागद एकही नाही. ठाण्याच्या बाईंनी फोनवर पहिलं विचारलं, "सर्टिफिकेट आहे का?" दुसरं विचारलं, "बाळाशी शुद्ध मराठीत बोलाल ना?" मी हो म्हटलं. मला मराठी आणि मालवणी दोन्ही बोलता येतं. त्या मुलालाही दोन्ही यायचं. आईकडे "मला हवं" आणि माझ्याकडे "माका व्हया".

मला विचारायचं आहे ते असं. चोवीस तास म्हणजे रात्रीसुद्धा बाळ माझ्याकडेच असणार का, आणि मग झोप कधी घ्यायची? बाळाचे कपडे, बाटल्या, जेवण माझं, हे मान्य. पण हळूहळू घरभरची धुणीभांडी येतात, ती कशी अडवायची? सुट्टीचं बोलणं पहिल्याच दिवशी केलं तर हावरट वाटेन का? गणपतीला घरी नसणं मला जमणार नाही, हे मी कोणालाही सांगेन. आमच्या घरचा गणपती सात दिवसांचा आणि नैवेद्याचं सगळं माझ्याकडे. शिमग्याला एकवेळ सोडून देईन.

दोन वर्षांपूर्वी काम मिळवून देणाऱ्या मुंबईच्या एका ब्युरोला नोंदणीचे म्हणून १,५०० रुपये पाठवले होते. त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. म्हणून ह्या वेळी आधी विचारतेय. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

समुद्रकाठ :
ताई, मी ठाण्यातच राहते आणि माझ्या मुलीला मावशींनीच वाढवलं, म्हणून घरमालकिणीच्या बाजूने सांगते. सुट्टीचं पहिल्याच फोनवर बोललात तर उलट बरं वाटतं, कारण आम्हालाही त्याप्रमाणे ऑफिसात रजा टाकायच्या असतात. रात्रीचं नक्की विचारा. आमच्याकडे रात्री बाळ माझ्याजवळ असायचं आणि मावशी दुपारी दोन तास झोपायच्या. ज्या घरात रात्रही तुमची आणि दिवसही तुमचा, तिथे महिन्याभरात तुम्ही आजारी पडाल आणि बाळाचेही हाल होतील. कुठे झोपायचं तेही विचारा. हॉलमधला सोफा असेल तर पगार कितीही असो, मी नको म्हणेन.
घशात घास अडकल्याचा प्रसंग त्यांना इथे लिहिलाय तसाच सांगा. माझ्या दृष्टीने ते सर्टिफिकेटपेक्षा मोठं आहे. आणि जुन्या घरच्या ताईंकडून एक पत्र घ्या.

खाडीपल्याड :
माझी आत्या वीस वर्षं हे काम करतेय, तिच्यामुळे माहीत झालेलं लिहितो. आधार कार्ड मूळ कोणाकडेही ठेवायचं नाही. फक्त शेवटचे चार आकडे दिसतात अशी प्रतही डाउनलोड करता येते, ती द्या. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला तुम्ही स्वतःच काढून नेलात तर समोरच्यांचा अर्धा प्रश्न सुटतो.
ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करून ठेवा, २०२१ पासून सुरू आहे, त्यात घरकाम करणारेही येतात. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा वेगळा कायदा आणि कल्याण मंडळ आहे. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करा. आणखी एक, जे बायका विचारत नाहीत पण माहीत असावं : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या बायकाही धरल्या आहेत. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तातडीची मदत लागली तर ११२, महिलांसाठी १८१.
पगार रोख नको, खात्यात घ्या. पुढे कोणी "दिला होता" म्हणालं तर तुमच्याकडे पुरावा राहतो.

धागाकर्ती :
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री ठाण्याच्या बाईंना फोन केला. हात थरथरत होते, पण सगळं बोलले. रात्री बाळ त्यांच्याकडे, दर रविवारी सुट्टी, स्वयंपाक फक्त बाळाचा. झोपायला बाळाच्या खोलीत वेगळा पलंग आहे म्हणाल्या. खोबऱ्याचा प्रसंग सांगितला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या, मग त्यांनी थापट्या कशा द्यायच्या ते परत विचारलं आणि नवऱ्यालाही फोनजवळ बोलावलं.

गणपतीचं विचारल्यावर म्हणाल्या, बघू. मी म्हटलं, आता रेल्वेचं आरक्षण साठच दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात, त्यामुळे "बघू" म्हणून चालणार नाही, तारखा आत्ताच लागतील. त्यांनी पाच दिवस कबूल केले. मी नऊ मागितले होते, येण्याजाण्याचे दोन धरून. उद्या परत बोलणार आहोत. सातावर आलं आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं, तर जाईन. सासूबाई म्हणाल्या, विसर्जनाच्या दोन दिवसांचं त्या आणि जाऊबाई मिळून बघतील. नाही जमलं तर कुडाळ. त्यांना मी सोमवारपर्यंत थांबायला सांगितलंय.

विदर्भातल्या ताई पत्र लिहून द्यायला तयार आहेत, त्यात काय काय घालू असं विचारतायत. कामाचा काळ, मुलाचं वय आणि काम सोडण्याचं कारण एवढं मी सांगितलं. आणखी काय असावं? त्यांना आज रात्रीच कळवायचं आहे.