बोस्राच्या थिएटरचं जिगसॉ
ताई, तुम्ही म्हणता जिगसॉत आकाश लावणं सगळ्यात अवघड, पण सीरियातल्या बोस्राच्या थिएटरच्या चित्रात खरी वाट लागते ती बसायच्या पायऱ्यांत, सगळा काळा बसाल्ट (आपल्या सह्याद्रीसारखाच), कुठला तुकडा डावीकडचा नि कुठला उजवीकडचा काही कळत नाही. मी आधी स्टेजमागचे फिकट खांब लावते, मग वरून खाली उतरणारे जिने, त्यांनी बैठकांचे आपोआप भाग पडतात, आणि उरलेले तुकडे रंग सोडून आकारावर वेगळे करायचे. बाकी हे दुसऱ्या शतकातलं रोमन थिएटर इतकं शाबूत कसं, तर नंतर अय्युबी (म्हणजे सुलतान सलादीनच्या घराण्याच्या) काळात त्याच्याभोवती चक्क किल्लाच बांधला! १९८० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आणि हो, बॉक्सवरच्या फोटोतल्या रंगांवर फार विसंबू नका.