मासेमारीच्या कयाकसाठी ट्रॉली आणि क्रेट कसे निवडावेत?

खाडीकाठचा

नमस्कार. मी मुंबईत मालाड पश्चिमेला राहतो. इतके दिवस मार्वे आणि मनोरीच्या काठावरून गरी टाकत होतो, आता 11 फुटी सिट-ऑन-टॉप कयाक, म्हणजे वर उघड्यावर बसून वल्हवायची अरुंद होडी, घेतली आहे. तिचे वजन 31 किलो असून रॉड, नांगर, पाणी आणि बर्फ धरून ते 45 किलोंपर्यंत जाते. लिफ्टमध्ये ती मावण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे सोसायटीच्या परवानगीने स्टिल्ट पार्किंगमध्ये भिंतीलगत ठेवली आहे आणि तिथून गाडीच्या टपावर चढवून नेतो. खरी अडचण त्यापुढची आहे, कारण गाडी लावल्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मला बहुधा एकट्यालाच कापावे लागते. तळाच्या निचऱ्याच्या भोकांत दांडे घालून बसणारी ट्रॉली घ्यावी की पट्ट्यांनी बांधायची पाळण्यासारखी? चाके कोणती असावीत? मागच्या खोलगट जागेसाठी परदेशी कंपन्यांच्या तयार पेट्या मिळतात, परंतु त्यांच्या किमती पाहून हात आखडतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या प्लास्टिक क्रेटने काम भागेल का?

उधाणवारा

ट्रॉली घेताना बहुतेक जण जातानाचा रस्ता डोळ्यांपुढे ठेवतात, मुंबईत मात्र परतीचा रस्ता आधी पाहावा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आपल्याकडे भरती आणि सुकती (ओहोटी) यांच्या पातळीत 4 मीटरपेक्षा अधिक फरक पडतो, आणि हे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून एकूण फरकाच्या जवळपास निम्मे उतरते. म्हणजे त्या दोन तासांत पातळी 2 मीटर खाली जाते, आणि किनाऱ्याचा उतार 40 मीटरला 1 मीटर इतका सौम्य असेल, तर पाण्याची कड तेवढ्या वेळात 80 मीटर मागे सरकते. सकाळी भरतीला गाडीपासून हाकेच्या अंतरावर कयाक पाण्यात सोडणारा मनुष्य दुपारी परततो, तेव्हा त्याच्यापुढे ओली वाळू आणि त्यापलीकडे गाळ पसरलेला असतो, आणि दमलेल्या हातांनी हे अंतर त्याला भरलेल्या कयाकसह पार करायचे असते. ट्रॉलीची परीक्षा तिथे होते.

अशा जमिनीवर अरुंद, टणक चाक सुरीसारखे आत शिरते. कमी दाबाची फुगीर चाके, ज्यांना आपण बलून टायर म्हणतो, ती वाळूवर वजन पसरवतात आणि वरवर चालतात. त्यांत साधारण 2 ते 4 पीएसआय एवढीच हवा असते. ऊन तापल्यावर आतली हवा प्रसरण पावते, म्हणून ती सकाळी घट्ट न भरता अंगठ्याने दाबल्यावर सहज दबेल इतकीच ठेवावी. मात्र पोटरीपर्यंत पाय रुततो अशा खाडीच्या चिखलात कोणतेही चाक कामाला येत नाही. तिथे ट्रॉली सोडवून कयाकवर ठेवावी आणि पुढच्या मुठीला दोर बांधून कयाक सरळ चिखलावरून ओढावी, कारण तिचा रुंद तळच तिथे सर्वांत चांगले वाहन असतो. त्याहून शहाणपणाचे म्हणजे वेळापत्रक पाहून भरतीच्या आगेमागे दोन तासांत परतावे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी एवढे मागे जात नाही, तेव्हा नवख्याने सुरुवात त्या दिवसांत करणे उत्तम.

नटबोल्ट

उधाणवारा यांचे भरतीचे गणित मान्य आहे, परंतु बलून टायरची शिफारस सरसकट करू नये. ही चाके वाळूसाठी आहेत. डांबर आणि काँक्रीटवर ती झिजतात, आणि जेट्टीच्या उतारावर किंवा खडकांवर चिकटलेल्या कालवांच्या कडा त्यांना पात्यासारख्या कापतात. तिवरांच्या वर आलेल्या टोकदार मुळांचेही तेच, आणि मुळात तिवरांच्या रोपांवरून ट्रॉली नेऊच नये. आपली वाट बहुतांशी जेट्टीवरून जात असेल, तर हातगाडीला असते तसे सुमारे 10 इंच व्यासाचे, रुंद रबरी आणि हवेचे चाक अधिक टिकते. वाळूचा थोडा पट्टा लागला, तर त्यातील हवा निम्म्यावर आणली की काम निभते. पंक्चर झाल्यास ते कोणत्याही टायरवाल्याकडे दुरुस्त होते. परदेशातून मागवलेल्या बलून टायरचे तसे नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

भोकांत दांडे घालायच्या ट्रॉलीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ती पटकन बसते आणि हलत नाही हे तिचे गुण खरे, परंतु ती बसवण्यासाठी कयाक एका कुशीवर उचलून दांडे खालून घालावे लागतात, आणि एकट्याला भरलेली कयाक तशी उचलता येत नाही. दुसरे असे की दांड्यांनी फक्त जागा धरून ठेवायची असते, वजन तळाखालच्या गादीवर यायला हवे. प्रत्यक्षात अनेक ट्रॉल्यांत सगळा भार त्या भोकांच्या पातळ नळ्यांवर येतो. पदपथाच्या कडेवरून आदळली की तिथे बारीक तडा जातो आणि पाणी गुपचूप कयाकच्या पोटात शिरू लागते. तडा नळीच्या आतल्या बाजूला असल्यामुळे तो लवकर दिसतही नाही. म्हणून दोन पट्ट्यांनी बांधायची, फोमच्या गाद्या असलेली ट्रॉली घ्यावी. ती कयाकच्या मध्याच्या किंचित मागे लावावी आणि जड सामान चाकांच्या वर येईल असे ठेवावे, म्हणजे पुढची मूठ धरणाऱ्या हाताला फार थोडे वजन जाणवते. एक पट्टा पुढच्या कड्याला ओढून बांधला नाही, तर ट्रॉली पहिल्याच उंचवट्यावर मागे घसरते.

धातूच्या बाबतीत खाऱ्या पाण्याशी खेळ नको. अॅल्युमिनियमचा सांगाडा हलका आणि चांगला असतो, परंतु त्यात स्टेनलेस स्टीलचे बोल्ट थेट बसवले, तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंच्या संपर्कामुळे अॅल्युमिनियम कुरतडले जाऊन पांढरी भुकटी पडते. मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत. फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणार असाल, तर आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा मागावा. त्यात मॉलिब्डेनम असल्याने तो समुद्राच्या मिठाला नेहमीच्या 304 प्रतीपेक्षा अधिक काळ दाद देत नाही. चाकात लोखंडी बॉल बेअरिंग असेल, तर ते काढून लेथवर नायलॉनचे बुश करून घ्यावे. असे सुटे सामान नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळून जाते.

गरी_आणि_वल्हे

क्रेटबद्दल मी लिहितो. साधा क्रेट पुरतो, किंबहुना जाळीचा क्रेट अनेक बंद पेट्यांपेक्षा बरा, कारण लाटेचे पाणी त्यात साचत नाही. फक्त बाजारात जाण्यापूर्वी मागच्या खोलगट जागेचे माप तळाशी घ्यावे, काठाशी नव्हे. ती जागा खाली निमुळती होते, आणि भाजीबाजारात दिसणारा 600 बाय 400 मिलिमीटरचा क्रेट वरून बसेलसा वाटला तरी तळाला टेकत नाही. अधांतरी राहिलेला क्रेट प्रत्येक लाटेला डुगडुगतो. परदेशी लोक दुधाचा जो चौरस क्रेट वापरतात तो साधारण 13 इंचांचा असतो, आणि 11 फुटी कयाकला तेवढाच शोभतो. दुकानाबाहेर रचलेले डेअरीचे क्रेट मात्र डेअरीच्या मालकीचे असतात, तेव्हा विकत मिळणारा नवा घ्यावा.

उंचीकडे विशेष लक्ष द्यावे. कयाक उलटल्यावर आपल्याला पाण्यातून पुन्हा तिच्यावर चढायचे असते, आणि उंच पेटी व त्यावर उभे केलेले चार रॉड तेव्हा वाटेत येतात. शिवाय खाडीच्या तोंडाशी वारा सुटला की तीच पेटी शिडाचे काम करते आणि कयाकचे तोंड फिरवते. आसनावर बसून, अंग न वळवता मागे नेलेला हात क्रेटच्या तळाला पोहोचला पाहिजे. पोहोचत नसेल तर तो क्रेट फार खोल आहे.

रॉडसाठी 40 मिलिमीटरच्या पीव्हीसी नळीचे तुकडे क्रेटच्या कोपऱ्यांत आतून उभे बांधावेत. नळीच्या वरच्या कडेला हॅकसॉने बोटभर रुंद खाच पाडली, की रीलचा पाय तिच्यात बसतो आणि रॉड गरगर फिरत नाही. बांधणीसाठी काळ्याच केबल टाय घ्याव्यात, पांढऱ्या उन्हाने ठिसूळ होऊन एके दिवशी तटकन तुटतात. क्रेट दोन आडव्या पट्ट्यांनी कयाकच्या कड्यांना बांधावा. नुसत्या लवचीक दोरीवर भिस्त ठेवू नये, उलटल्यावर ती ताणली जाते आणि क्रेट निसटतो. पक्कड, चाकू आणि लूअरची (नकली आमिषांची) डबी यांना वेगवेगळा दोर असावा. मासे क्रेटमध्ये टाकू नयेत. जिताडा किंवा रावस लागला, तर त्यासाठी बर्फाची वेगळी पिशवी पुढे, पायांजवळ ठेवावी. क्रेट, बर्फ आणि मासे असे सगळे मागेच ठेवले, तर कयाकची शेपूट बुडते आणि वल्हवताना दम निघतो.

खाडीकाठचा

सर्वांचे आभार. माझी वाट निम्मी काँक्रीट आणि निम्मी वाळू अशी आहे, त्यामुळे पट्ट्यांची ट्रॉली आणि रुंद रबरी चाके घेण्याकडे माझा कल झाला आहे. एक शंका उरते. कयाक पाण्यात गेल्यावर ट्रॉलीचे काय करायचे? पुन्हा गाडीपर्यंत जायचे, तर तोवर कयाक काठावर एकटी राहते.

नटबोल्ट

सोबत न्यावी. म्हणूनच ट्रॉली दुमडणारी आणि चाके पिन ओढताच सुटणारी असावी. सांगाडा पुढच्या हॅचमध्ये, म्हणजे झाकणाखालच्या कप्प्यात, जातो. चाके क्रेटच्या वर रचू नयेत, त्याने वजन उंच जाऊन कयाक डळमळते. ती क्रेटच्या दोन्ही बाजूंना आडवी बांधावीत. हवेची चाके तरंगतात, ही त्यातली जमेची बाजू. जेट्टीजवळ ओळखीचे कोणी कोळी कुटुंब असेल तर त्यांच्या अंगणात ठेवता येते, परंतु परतताना प्रवाहामुळे दुसऱ्याच ठिकाणी उतरावे लागले, तर ट्रॉली एका काठाला आणि आपण दुसऱ्या, अशी गत होते. घरी आल्यावर सांगाडा, पट्ट्यांची बकले आणि आस गोड्या पाण्याने धुवावेत, आणि पावसाळ्यात चाके काढून आत ठेवावीत. चाकाची पिन बारीक असते आणि वाळूत पडली की सापडत नाही, म्हणून ती दोरीने सांगाड्यालाच बांधावी आणि आणखी एक जादा पिन क्रेटच्या जाळीला अडकवून ठेवावी.