‘बहुवारिक’ म्हणजे नऊवारीहून मोठी का?

पंचवटीकर:
गेल्या रविवारी इथल्या पाचवी-सहावीच्या मुलांना पॉलिमर म्हणजे काय ते दाखवत होते. साधी पारदर्शक पिशवी पाण्यानं भरली आणि टोक काढलेली पेन्सिल तिच्यातून आरपार घातली. थेंबही गळला नाही! लांब साखळ्यांसारखे रेणू बाजूला सरकतात आणि पेन्सिलीला घट्ट धरतात, हे सांगितलं. इथवर सगळं छान. मग फळ्यावर पॉलिमरचा मराठी शब्द म्हणून ‘बहुवारिक’ लिहिलं. पुढे बसलेल्या एका मुलीनं विचारलं, “ताई, म्हणजे नऊवारीहून मोठी का?” मला उत्तर देता आलं नाही. सोबतचे सर म्हणाले, बहुलक सांगा. एक पालक म्हणाले, सरळ पॉलिमर म्हणा. येत्या रविवारी दुसरी तुकडी आहे. हा ‘वारिक’ नक्की कुठला, आणि दहा वर्षांच्या मुलांना कोणता शब्द द्यावा?

सिडकोवासी:
बहुलक (पॉलिमर), एकलक (ज्याच्या जोडणीतून तो बनतो तो छोटा रेणू) हे हिंदी पुस्तकांतले शब्द. आपल्या दहावीच्या विज्ञानात बहुवारिक आणि एकवारिक आहेत, आणि मुलं पुढे तेच शिकणार. वार म्हणजे खेप. एकवार, वारंवार यांतला. तोच छोटा रेणू कितीतरी वेळा जोडला गेला म्हणून बहुवारिक. अर्थ इतका नेमका बसलेला शास्त्रीय शब्द क्वचितच सापडतो. नऊवारीतला वार मापाचा. दोन्हींची गल्लत नको.

येवलेकर:
गल्लत कशी? नऊवारीतही तीच लांबी नऊदा मोजलेली असते. त्या मुलीला “हो, तसंच काहीसं” एवढं तरी म्हणायला हवं होतं. शिवाय पैठणीचं रेशीम म्हणजे प्रथिन, अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. म्हणजे रेशमी नऊवारी खरोखरच बहुवारिक आहे! आमच्याकडे सूत अस्सल आहे का ते बघायला दोन तारा काढून पेटवतात. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राहिलेली राख चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. दोन्ही बहुवारिकंच, एक किड्यानं केलेलं, दुसरं कारखान्यातलं. हे मोठ्या माणसानं करून दाखवावं, मुलांच्या हाती काडी देऊ नये. आणि हा मापाचा वार माझ्या मते पोर्तुगीजांकडून आलेला असावा. त्यांच्याकडे ‘वारा’ नावाचं लांबीचं माप होतंच.

गंगापूररोड:
पोर्तुगीज बाजूला ठेवू. मूळ शब्द ग्रीक आहे, पॉली म्हणजे पुष्कळ आणि मेरोस म्हणजे भाग. आयसोमरमध्येही (तेच अणू, जोडणी वेगळी असे पदार्थ) तोच मेरोस आहे आणि त्याला आपण समघटक म्हणतो. मग पॉलिमरला बहुघटक का नाही? एकाच मुळाला एका ठिकाणी घटक आणि दुसऱ्या ठिकाणी वार हे मला आजवर खटकत आलं आहे. परिभाषा करताना शिस्त पाळायला हवी.

सिडकोवासी:
बहुघटक तर पंचामृतही आहे. दूध, दही, तूप, मध, साखर. त्यातून ‘अनेक वेगवेगळे पदार्थ’ हाच अर्थ निघतो आणि पॉलिथिनमध्ये नेमकं उलट असतं, एथिलीनचा एकच छोटा रेणू हजारो वेळा. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं 1833 मध्ये पॉलिमर हा शब्द काढला तेव्हाही त्याच्या डोळ्यांसमोर ‘किती पट’ हीच कल्पना होती. मूलद्रव्यांचं प्रमाण तेच, रेणू मात्र दुप्पट-तिप्पट. खऱ्या लांब साखळीची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ स्टॉडिंगरनं 1920 मध्ये मांडली. तेव्हा बड्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना ती पटली नाही, आणि त्याला नोबेल मिळालं ते 1953 मध्ये. म्हणून म्हणतो, वार हाच योग्य शब्द आहे. व्युत्पत्तीला धरून बसलात तर अर्थ हातचा जाईल.

निफाडकर:
आमच्याकडे वार म्हणजे गाय व्यायल्यावर पडते ती. “वार पडली का?” हे गोठ्यात पहिलं विचारतात. बागेत मात्र ठिबकची नळी, शेडनेट, मल्चिंगचा कागद (कागद नव्हे तो, पण कागदच म्हणतो), कांद्याची जाळीची गोणी. या सगळ्याला एकच शब्द, प्लास्टिक. मुलांना तोच सांगा, घरी गेल्यावर आजोबांनाही कळेल. आणि एथिलीनचा विषय निघाला म्हणून सांगतो, केळी पिकवण्याच्या खोलीत सोडतात तो वायू हाच. पिकवणारा वायू आणि पिशवी एकाच मुळाची, हे ऐकलं तेव्हा मी खरंच थक्क झालो होतो.

पंचवटीकर:
केळ्याचं नक्की सांगेन! पण प्लास्टिक शब्दानं भागत नाही. तो उच्चारला की मुलं लगेच “वाईट, बंदी आहे” म्हणतात. 2018 ची बंदी त्यांना पाठ आहे. कापसाचा सदरा, वही, भाकरीतला स्टार्च, टायरचं रबर हे सगळं एका कुळातलं आहे, हे मला त्यांच्यापर्यंत पोचवायचं आहे. त्यासाठी कुळाचं नाव लागणारच ना?

जुनंनाशिक:
मी सगळं वाचलं. मला एक शब्द आठवला, चीक. गव्हाचा चीक आणि रबराच्या झाडाचाही चीक. पहिल्यात स्टार्च, दुसऱ्यात रबर, दोन्हींत लांब साखळ्या. शिवाय खळ आणि डिंक. आमच्या आज्यांना हे कूळ हातानं ठाऊक होतं. कुरडयांचा चीक शिजवताना पांढरं दुधाळ पाणी एकाएकी जड होतं, पळी फिरवताना मनगट भरून येतं आणि चीक काचेसारखा चकाकायला लागतो. मुलांना तो क्षण दाखवा. थोडा गार चीक बशीत घेऊन आयोडीनचा थेंब टाका, निळाकाळा होईल.

गंगापूररोड:
शब्द सुंदर आहे, पण शिस्त कुठे राहिली? व्यालेल्या म्हशीचा, खरवसाचा तोही चीकच.

जुनंनाशिक:
त्यातही प्रथिनंच आहेत की! वर येवलेकरांनी रेशमाचं सांगितलं तेच. खरवस वाफेवर थिजतो तो उगाच का?

येवलेकर:
खरवसाचं पटलं. पण गव्हाचा चीक आमच्याकडे तीन दिवस भिजवून काढतात. तुमच्याकडे?

जुनंनाशिक:
तीनच. रोज पाणी बदलायचं, नाहीतर आंबूस वास बसतो. वाटून, गाळून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी वरचं पाणी अलगद ओतायचं.

सिडकोवासी:
मूळ प्रश्न शब्दाचा होता. मी अजूनही बहुवारिकच म्हणेन.

निफाडकर:
ताई, चीक दाखवायचा तर गव्हाचाच न्या. बांधावरच्या रुईचा तोडून नेऊ नका, मुलांचे हात लगेच डोळ्याला जातात आणि तो डोळ्यात गेला तर फार वाईट.